मॅक्स रोच यांना ‘केवळ ड्रमर’ म्हणणे थांबवा

#थ्रेड #इतिहास #जॅझ

१/
मॅक्स रोच (१९२४–२००७) हे जॅझच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ ड्रमवादकांपैकी एक, असे बहुतेक पुस्तके सांगतात. विधान खरे आहे. तरीही त्यातून दिशाभूल होते, कारण या एका वाक्याआड त्या माणसाचे निम्मे कर्तृत्व झाकले जाते. रोच हे रचनाकार होते. हा धागा त्या झाकलेल्या निम्म्याविषयी आहे आणि ते झाकले का गेले, याविषयीही.

२/
प्रचलित कथा अशी : विशीत चार्ली पार्करच्या साथीला बसून रोच यांनी जॅझची लय बदलली. १९५४ मध्ये ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनसह एक अप्रतिम वाद्यवृंद उभारला. १९५६ मध्ये ब्राउन अपघातात गेला, रोच पुढे राजकारणाच्या नादी लागले आणि संगीत मागे पडले.

ही कथा सोपी आहे, म्हणूनच ती टिकली.

३/
या कथेत तीन गृहीतके दडलेली आहेत.
एक : ड्रमर साथ करतो, रचना करत नाही.
दोन : राजकीय आशय आला की कलेचा दर्जा घसरतो.
तीन : रोच यांचा सर्जनशील काळ १९५६ मध्ये संपला.
तिन्ही चूक आहेत. पुरावा ध्वनिमुद्रणांत आहे आणि तो कोणालाही ऐकता येतो.

४/
पहिल्या गृहीतकाचे मूळ जॅझहूनही जुने आहे. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ते ढोल वाजवीत चालले होते. उठाव चिरडला गेला आणि पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, तिथल्या विधिमंडळाने कायदा करून गुलामांना ढोल, शिंगे आणि मोठा आवाज करणारी वाद्ये बाळगण्यास बंदी घातली.

५/
या कायद्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ढोल म्हणजे नुसता गोंगाट असता, तर त्यासाठी कायदा कशाला लागला असता? ढोलावरून निरोप जातो, माणसे एकवटतात, त्यातून काहीतरी ‘सांगितले’ जाते, हे गुलामांच्या मालकांना पक्के ठाऊक होते. दोन शतकांनंतर ड्रमला निव्वळ ठेक्याचे वाद्य मानणाऱ्या समीक्षकांपेक्षा त्या मालकांना वाद्याची समज अधिक होती, असे म्हणण्याची वेळ येते.

६/
रोच यांचा जन्म उत्तर कॅरोलिनातील न्यूलँड या खेड्यातला. ते चार वर्षांचे असताना कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आले. आई चर्चमध्ये गात असे आणि मुलाचे पहिले संगीतशिक्षणही चर्चमधलेच. १९४२ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात आजारी ड्रमरच्या जागी बसण्याची संधी त्यांना मिळाली.

७/
त्या काळी ड्रमरचा उजवा पाय बेस ड्रमवर प्रत्येक मात्रा ठोकत असे. नाचणाऱ्यांना ती हवी असे. केनी क्लार्क यांनी हा अखंड ठोका वर उचलून झांजेवर, म्हणजे राइड सिंबलवर, नेला. त्यामुळे पाय आणि डावा हात मोकळे झाले. या मोकळ्या झालेल्या जागेत मधूनच प्रश्न विचारता येऊ लागला, उत्तर देता येऊ लागले, गायक किंवा वादकाचे वाक्य तोडता येऊ लागले. बीबॉप या नव्या शैलीच्या मुळाशी हा बदल आहे.

८/
ही रीत रोच यांनी पूर्णत्वाला नेली. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी चार्ली पार्कर यांनी ‘को-को’ ध्वनिमुद्रित केले. लय इतकी द्रुत, की मिनिटाला सुमारे ३०० मात्रा. ड्रमवर एकवीस वर्षांचे रोच. त्यातले त्यांचे छोटे स्वतंत्र वादन ऐकावे : त्या वेगातही प्रत्येक वाक्य सुटे, स्वच्छ आणि आधीच्या वाक्याशी नाते सांगणारे.

९/
मग अशा वादनाला ‘रचना’ का म्हटले जात नाही? याचे एक उत्तर पैशात आहे. ध्वनिमुद्रिका विकली गेली की रचनाकाराच्या नावे मानधनाचा हिस्सा येत राहतो. साथीदाराला मात्र एका बैठकीची ठरलेली बिदागी मिळते आणि विषय संपतो. व्यवहारात रचना म्हणजे सुरावट आणि शब्द. लय ही जणू सार्वजनिक मालमत्ता. ‘रचनाकार कोण’ हा प्रश्न म्हणूनच केवळ रसिकांच्या चर्चेचा नाही. त्यावर माणसाची उपजीविका ठरते.

१०/
रोच यांना हे पुरेपूर कळले होते. त्यांनी मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिक या संस्थेत रचनाशास्त्राचा अभ्यास केला. १९५२ साली बेसवादक चार्ल्स मिंगस यांच्यासह ‘डेब्यू’ ही स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली. १५ मे १९५३ रोजी टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये पार्कर, गिलेस्पी, बड पॉवेल, मिंगस आणि रोच एकत्र वाजले. त्या ऐतिहासिक मैफलीचे ध्वनिमुद्रण याच कंपनीने प्रकाशित केले. वादकाच्या श्रमावर वादकाचीच मालकी असावी, हा विचार इथे दिसतो. ‘राजकारण’ १९६० मध्ये अचानक उगवले नव्हते.

११/
मराठी रसिकाला हा मुद्दा समजायला अवघड जाऊ नये. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबल्याला बसलेले उस्ताद अहमदजान थिरकवा साथ करत, आणि तेच थिरकवा स्वतंत्र वादनाला बसले की पेशकार, कायदे, गती यांची मांडणी करत. तबल्याची ‘गत’ अमुक उस्तादांची म्हणून नावानिशी सांगितली जाते. तालवाद्यावर रचना होऊ शकते, हे इथे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. (साथीदाराचे नाव पत्रिकेवर बारीक अक्षरात छापण्याची खोड मात्र इथेही जुनीच आहे.)

१२/
आता रोच यांचा पुरावा. २२ जून १९५६ रोजी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांनी ‘ब्लू सेव्हन’ ध्वनिमुद्रित केले. त्यात रोच यांनी मोजक्याच लयखंडांवर सगळे स्वतंत्र वादन उभे केले आहे. ते खंड उलटतात, आकसतात, पुन्हा जोडले जातात. संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलर यांनी १९५८ मध्ये या ध्वनिमुद्रणावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात रोलिन्स यांच्यासोबत रोच यांच्या या बांधणीचीही दखल आहे. पुराव्याकडे लक्ष वेधणारे होते. कथा सांगणाऱ्यांनी ते वाचले नाही.

१३/
त्यानंतर चारच दिवसांनी, २६ जून १९५६ रोजी, पेनसिल्व्हेनियातील महामार्गावर मोटार अपघात झाला. त्यात क्लिफर्ड ब्राउन, पियानोवादक रिची पॉवेल आणि पॉवेल यांची पत्नी नॅन्सी तिघेही गेले. ब्राउन पंचवीस वर्षांचे होते. रोच यांच्या वाद्यवृंदाचे दोन खांब एका रात्रीत कोसळले. हा आघात मोठा होता, यात वाद नाही. वाद आहे तो पुढच्या वाक्याशी : ‘आणि इथे सारे संपले.’

१४/
संपले काय? १९५७ मध्ये रोच यांनी ‘जॅझ इन थ्री-फोर टाइम’ ही ध्वनिमुद्रिका काढली. चार मात्रांच्या आवर्तनात रुळलेल्या जॅझमध्ये तीन मात्रांवर संपूर्ण ध्वनिमुद्रिका! १९६६ मध्ये ‘ड्रम्स अनलिमिटेड’ आली. तिच्यातल्या तीन रचना निव्वळ एकट्या ड्रमसाठी आहेत. त्यांपैकी ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ प्रत्येकाने एकदा ऐकावीच.

१५/
तिची बांधणी अशी : उजवा पाय पहिल्या मात्रेला बेस ड्रमवर, डावा पाय दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेला हाय-हॅटवर. हे तीन मात्रांचे चक्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड. त्यावर दोन्ही हात एक छोटा विषय मांडतात, सोडतात, दूर जातात आणि पुन्हा त्याच विषयावर येतात. सुरावट नाही, तरी ‘धून’ लक्षात राहते.

१६/
रचनेची एक साधी कसोटी आहे : ती दुसऱ्याने वाजवली तरी ओळखू येते का? इंग्लिश ड्रमर बिल ब्रुफोर्ड यांनी ही रचना १९८५ मध्ये ध्वनिमुद्रित केली. जगभरचे ड्रमचे विद्यार्थी आजही ती बसवतात आणि पहिल्या काही आवर्तनांत ती ओळखू येते. पहिले गृहीतक इथेच कोसळते.

१७/
आता दुसरे गृहीतक : राजकारणाने कला बिघडली. १९५८ मध्ये सॉनी रोलिन्स यांची ‘फ्रीडम सूट’ आली. ड्रमवर रोचच होते. कृष्णवर्णीयांच्या स्वातंत्र्याचा उघड उल्लेख असलेली ही ध्वनिमुद्रिका कंपनीने पुढे ‘शॅडो वॉल्ट्झ’ या निरुपद्रवी नावाने पुन्हा बाजारात आणली. नावातला ‘फ्रीडम’ शब्दसुद्धा जड झाला होता. (हेच रोलिन्स पुढे पवईच्या आश्रमात राहून गेले आणि १९७८ मध्ये मुंबईच्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात वाजले.)

१८/
मग १९६० उजाडले. १ फेब्रुवारीला उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले आणि उठले नाहीत. २१ मार्चला दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला. अधिकृत आकड्यानुसार ६९ माणसे मेली. जुलैमध्ये न्यूपोर्ट जॅझ महोत्सवाच्या धंदेवाईकपणाविरुद्ध मिंगस आणि रोच यांनी त्याच गावात समांतर महोत्सव भरवला.

१९/
३१ ऑगस्ट आणि ६ सप्टेंबर १९६० या दोन दिवसांत ‘वुई इन्सिस्ट! फ्रीडम नाऊ सूट’ ध्वनिमुद्रित झाली. रोच यांची रचना, ऑस्कर ब्राउन ज्युनिअर यांचे शब्द, ॲबी लिंकन यांचा आवाज. मुखपृष्ठावर उपाहारगृहाच्या काउंटरशी बसलेले, मागे वळून कॅमेऱ्याकडे पाहणारे तीन कृष्णवर्णीय पुरुष आणि पलीकडे उभा गोरा कर्मचारी. ग्रीन्सबरोचा संदर्भ समजावून सांगण्याची गरजच उरली नव्हती.

२०/
पहिली रचना ‘ड्रायव्हा मॅन’. गुलामांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाचे हे गीत. आवर्तन पाच मात्रांचे आणि पहिल्या मात्रेवर दरवेळी एक कोरडा, कडक फटका. तो आसूड आहे. पाच मात्रांमुळे ऐकणाऱ्याच्या शरीराला विसावा मिळत नाही. चालीत रमावे म्हटले, तर फटका अनपेक्षित क्षणी येऊन आदळतो. इथे आशय शब्दांत आहे त्याहून अधिक तालाच्या निवडीत आहे. हेच रचनाकाराचे काम असते.

२१/
मधली रचना ‘ट्रिप्टिक’ : प्रार्थना, निषेध, शांती. संपूर्ण रचनेत एकही शब्द नाही, एकही अन्य वाद्य नाही. फक्त लिंकन यांचा आवाज आणि रोच यांचे ड्रम. मधल्या भागात मिनिटभराहून अधिक काळ ती स्त्री किंचाळते. ते ऐकणे सोपे नाही आणि ते सोपे असावे, अशी रचनाकाराची इच्छाही नाही. शेवटच्या भागात आवाज आणि ड्रम पुन्हा श्वास घेऊ लागतात. तो थकवा ऐकू येतो.

२२/
नंतर ‘ऑल आफ्रिका’त लिंकन आफ्रिकी जनसमूहांची नावे पुकारतात, नायजेरियाचे तालवादक बाबातुंडे ओलातुंजी त्यांना प्रतिसाद देतात आणि अखेरच्या ‘टिअर्स फॉर जोहान्सबर्ग’मध्ये शार्पव्हिलचा शोक येतो. ज्या ढोलावर १७४० मध्ये बंदी आली होती, तो इथे अटलांटिक ओलांडून परत जातो. गुलामीपासून मुक्तीच्या घोषणेपर्यंत आणि तिथून आफ्रिकेपर्यंतचा इतिहास पाच रचनांत मांडलेला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो दस्तऐवज म्हणूनही ऐकावा.

२३/
या धाडसाची किंमत लिंकन यांनी आधी मोजली. त्यांच्या १९६१ च्या ‘स्ट्रेट अहेड’ या ध्वनिमुद्रिकेवर ‘डाउनबीट’ मासिकात आयरा गिटलर यांनी परीक्षण लिहिले. त्याचा रोख असा, की ही गायिका आपल्या वर्णाचाच व्यवसाय करते. १९६२ मध्ये याच मासिकाने वंशभेदावर चर्चा घडवून आणली. तिथे रोच आणि लिंकन यांनी परीक्षकाला समोरासमोर जाब विचारला. त्यानंतर लिंकन यांची पुढची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका झाली १९७३ मध्ये, तीही जपानमध्ये. एक तप!

२४/
‘प्रचारकी’ हा शब्द मराठीलाही परिचित आहे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकर वाद शाळेतही शिकवला जातो. पुढे दलित साहित्यावर हाच शिक्का मारला गेला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून. दोन्हीकडच्या आक्षेपाची मेख एकच : सोसणाऱ्याने आपले सोसणे मांडले की ते ‘प्रचार’, आणि सुस्थिताने आपले सुख मांडले की ती ‘शुद्ध कला’.

२५/
विरोधी बाजूत तथ्य नाही, असे नव्हे. केवळ निषेध आहे म्हणून कलाकृती थोर ठरत नाही. त्या दशकातील कितीतरी घोषणागीते आज कोणी ऐकत नाही. शिवाय ‘फ्रीडम नाऊ सूट’ एकट्या रोच यांची नाही. राजकीय दिशेवरून ब्राउन आणि रोच यांच्यात मतभेद झाले आणि मुळात योजलेली मोठी समूहगानाची रचना पूर्ण झाली नाही. रोच यांना श्रेय देताना ब्राउन आणि लिंकन यांना पुसणे, म्हणजे तोच अन्याय दुसऱ्यांवर करणे होय.

२६/
परंतु यातून निष्कर्ष उलटाच निघतो. घोषणागीते विरली आणि ‘ड्रायव्हा मॅन’ टिकले, ते त्यातल्या पाच मात्रांमुळे, त्या फटक्यामुळे, हॉकिन्स यांच्या खरखरीत सॅक्सोफोनमुळे. म्हणजे रचनेमुळेच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत २०२२ मध्ये या ध्वनिमुद्रिकेचा समावेश जाहीर केला. साठ वर्षांनी आलेली ही पावती उशिराची आहे, पण स्पष्ट आहे.

२७/
तिसरे गृहीतक (१९५६ नंतर उतार) खोडायला आता नुसती यादी पुरे.
▪️ १९६२ : एलिंग्टन आणि मिंगस यांच्यासह ‘मनी जंगल’
▪️ १९७० : ‘एम’बूम’, केवळ तालवाद्यांचा वृंद
▪️ १९७२ पासून : मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अध्यापन
▪️ १९७९ : पियानोवादक सेसिल टेलर यांच्यासह मुक्त जुगलबंदी
▪️ १९८० चे दशक : कन्या मॅक्सिन यांच्या तंतुवाद्य चौकडीसह ‘डबल क्वार्टेट’
▪️ १९८८ : मॅकआर्थर शिष्यवृत्ती
याला उतार म्हणायचे असेल, तर चढ कशाला म्हणायचे?

२८/
मग ही कथा अजून का सांगितली जाते? कारण ती सोयीची आहे. १९५६ पर्यंतचे रोच साथीला बसतात, चकित करतात आणि कोणाला अस्वस्थ करत नाहीत. १९६० चे रोच मालकी मागतात, रचनेवर नाव मागतात, इतिहासाचा हिशेब मागतात. पहिल्याचे कौतुक करणे स्वस्त पडते. दुसऱ्याला मान्यता द्यायची, तर बरेच काही मान्य करावे लागते.

२९/
पुढच्या वेळी एखाद्या यादीत ‘मॅक्स रोच, ड्रमर’ असे दिसले, तर खाली एवढेच लिहावे : ‘आणि रचनाकार.’ त्याआधी तीन गोष्टी याच क्रमाने ऐकाव्यात : ‘को-को’, ‘ड्रायव्हा मॅन’, ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’. तिन्ही मिळून वीस मिनिटेही लागत नाहीत. ती ऐकल्यावर ‘केवळ ड्रमर’ हा शब्दप्रयोग कोणाला वापरायचा असेल, तर त्याने तो पुराव्यासह वापरावा.

(समाप्त)